टिपणं

भीमेवरच्या उजनी जलाशयाकाठी कुंभारगावला पोचलो तेव्हा उजाडायला अवकाश होता. जानेवारीतली थंडी, पाण्यावर धुकं आणि काठाला ओळीनं लागलेल्या होड्या. आमच्या नावाड्यानं कानाला मफलर गुंडाळला होता. त्यानं माझ्या अंगावरच्या लाल शालीकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, ती शाल पिशवीत टाका."

"थंडी आहे हो दादा."

"आपल्याला हाय. पण त्यांना लांबनं लाल दिसतंय."

शाल पिशवीत गेली. 'त्यांना' म्हणजे कोणाला, हे विचारायचं कारण नव्हतं. पुढचे दोन दिवस या माणसाच्या तोंडी पक्ष्यांचा उल्लेख असाच येत राहिला. 'त्यांना चालत नाही', 'त्यांचं अजून आवरलं नाही', 'त्यांना वारा तोंडावर लागतो'. ऐकणाऱ्याला वाटावं, सासरच्या माणसांबद्दल बोलतोय.

संपादकांचा फोन त्याच्या आठवडाभर आधी आला होता. दिवाळी अंकाचं बोलणं जानेवारीत कशाला, असं मी म्हणाले, तर उत्तर तयार होतं. अंक छंदांवरचा आहे, तुमच्याकडे पक्ष्यांची छायाचित्रं, आणि पक्षी काही दिवाळीपर्यंत थांबायचे नाहीत. माझ्याजवळ भांडवल म्हणाल तर फोनमधला एक फोटो. त्यात आंब्याचं झाड आहे आणि झाडात कुठेतरी एक ठिपका आहे. तो हळद्या आहे, असं मी गेली तीन वर्षं लोकांना सांगत आले होते.

म्हणून बरोबर काका होते. पुण्यातल्या बँकेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ बावीस वर्षं पक्ष्यांमागे फिरताहेत. सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी आपला जुना कॅमेरा आणि हाताएवढी लांब लेन्स माझ्या मांडीवर ठेवली आणि एकच सूचना केली, "पहिला तासभर हात लावू नका. नुसतं बघा."

मान वर झाली की थांबायचं

काठ सुटल्यावर थोडं अंतर मोटरीवर गेलो. मग नावाड्यानं ती बंद केली आणि तळाला पडलेला बांबू उचलला. इथे पाणी कमरेइतकंच. बांबू गाळात रुतवायचा, अंगाचा भार द्यायचा, होडी सरकू द्यायची, आणि तो पुन्हा उचलताना पाणी ठिबकण्याचासुद्धा आवाज होऊ द्यायचा नाही. धुक्यात आधी कुजबुज ऐकू आली. मग एक फिकट गुलाबी पट्टा दिसला. पट्ट्याला पाय फुटले. रोहित. पुस्तकी माणसं त्यांना अग्निपंखही म्हणतात. उभा राहिला तर माझ्या खांद्याला लागेल एवढा पक्षी, आणि असे शेदोनशे पक्षी डोकी पाण्यात खुपसून गाळ चाळत होते.

रोहित पक्ष्याची चोच मधेच वाकलेली का असते, ते तिथे उमगलं. तो डोकं उलटं करून जेवतो. वरची चोच खाली जाते, जीभ पंपासारखी मागेपुढे होते, चोचीच्या कडांना असलेल्या बारीक झालरीतून गढूळ पाणी बाहेर पडतं आणि शेवाळ, किडे, अळ्या आत राहतात. त्या खाण्यातलेच रंगकण पिसांत उतरतात. गुलाबी रंग हा त्याच्या जेवणाचा हिशेब आहे म्हणा ना.

होडी थांबली. काकांनी कॅमेरा उचलला नाही, ते नावाड्याकडे पाहत राहिले. नावाडी पक्ष्यांकडे. कडेच्या एका रोहितानं मान वर केली. नावाड्यानं बांबू गाळात घट्ट रोवून होडी बांधल्यासारखी उभी केली. दोनेक मिनिटं गेली. ती मान पुन्हा पाण्यात गेली. होडी हातभर सरकली.

"खातंय तवर आपण बराबर अंतरावर," तो हळूच म्हणाला. "मान वर झाली की थांबायचं. दुसरी मान वर झाली की माघारी यायचं."

लेन्सच्या किमतींपासून सुरू होणारा हा छंद. मोठ्या लेन्सा दहा लाखांच्या वर जातात आणि तीन-तीन किलो भरतात. हौशी माणसाची झूम लेन्ससुद्धा लाखाच्या आसपास. दूरचं जवळ आणायला माणूस एवढा पैसा ओततो, आणि खरं अंतर ठरतं ते बांबू धरणाऱ्याच्या हातात.

हे मला समजलं होतं असं नाही. आठ वाजता ऊन आलं, पाणी सोन्यासारखं झालं आणि नीट दिसावं म्हणून मी होडीत उभी राहिले. शंभर माना एकदम वर. मग पाण्यावर धावण्याचा आवाज. रोहिताला जागच्या जागी उडता येत नाही, त्याला धाव घ्यावी लागते. आणि सगळा थवा लाल-काळे पंख उघडून उठला. अवतीभवतीच्या होड्यांमधून शटरची टरटर झाली. दृश्य अप्रतिमच होतं. नावाडी मात्र पाण्याकडे बघत बसला होता. "पयलं जेवण मोडलं त्यांचं," एवढंच बोलला. लाल शाल पिशवीत घालून काय उपयोग, असं तो म्हणाला नाही, एवढी त्याची सभ्यता.

कॅमेऱ्याला सगळं जग राखाडी हवं असतं

दुपारच्या आधी काकांची शिकवणी सुरू झाली. बगळा सोपा दिसतो. पांढरा, संथ, एका पायावर तास काढणारा. मी वीसेक फोटो काढले आणि सगळ्यांत बगळ्याच्या जागी बगळ्याच्या आकाराचं पांढरं भोक आलं. एकाही पिसाची रेघ नाही.

"कॅमेऱ्याला सगळं जग राखाडी हवं असतं," काका म्हणाले. तो उजेडाची सरासरी काढतो. भोवती काळं पाणी असलं की चित्र उजळायला जातो आणि बगळा जळतो. त्याला मुद्दाम सांगावं लागतं, बाबा रे, कमी घे. पलीकडे वारकऱ्यांचा थवा होता, त्यांच्याबाबत नेमकं उलटं. वारकरी म्हणजे कूट. काळाभोर देह, कपाळावर पांढरा टिळा आणि सदा मेळ्यानं चालणं. हे नाव ज्यानं कुणी ठेवलं, त्याला दाद द्यायला हवी. हेच भीमेचं पाणी पुढे पंढरपूरला चंद्रभागा होतं. त्या पाण्यावरच्या काळ्या पाखराला आणखी काय म्हणायचं? तर हे वारकरी फोटोत नुसते कोळशाचे गोळे दिसतात, त्यांना उजेड वाढवून द्यावा लागतो. आणि चित्रबलाकासारखा पक्षी, एकाच अंगावर काळं, पांढरं आणि गुलाबी घेऊन आला की छायाचित्रकार देवाचं नाव घेतो.

उडणारा पक्षी ही वेगळी परीक्षा. पंख स्थिर दिसायला सेकंदाचा दोन हजारावा भाग, छोटा चपळ पक्षी असला तर तीन हजारावा. एवढ्या वेळात उजेड तो किती येणार? मग आयएसओ वाढवा, तो वाढवला की चित्रात रवाळपणा येतो. एकाला ओढलं की दुसरं सुटतं. त्यात दहानंतर ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि लाखाची लेन्सही तव्यावरच्या वाफेतून पाहिल्यासारखं दाखवते. काका तेव्हा कॅमेरा गुंडाळतात आणि डबा उघडतात.

पण या शिकवणीतला मोठा भाग कॅमेऱ्याचा नव्हताच. पक्षी वाऱ्याच्या तोंडावर उडतो आणि वाऱ्याच्या तोंडावरच उतरतो. तेव्हा वारा आणि ऊन दोन्ही आपल्या पाठीशी असतील अशी जागा धरली, तर तो आपल्याकडे तोंड करून येईल. उडण्याआधी तो अंग आवळतो, पुढे झुकतो, आणि पुष्कळदा शिटतो. "शिटला की बोट दाबायचं," काका गंभीरपणे म्हणाले. "बावीस वर्षांचा अनुभव आहे." कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी पंख फडफडवत टांगलेला राहतो, तेव्हा त्याचं डोकं खिळ्यासारखं स्थिर असतं. तोच क्षण. तो सुळकी मारल्यावर बोट दाबाल तर पाण्यातलं वर्तुळ मिळेल. माणसाच्या डोळ्यापासून बोटापर्यंत निरोप पोचायला सेकंदाचा पाचवा भाग जातो. म्हणून दिसल्यावर दाबायचं नाही, दिसणार हे कळल्यावर दाबायचं.

सगळ्यात हा भाग मला आवडला. पक्ष्याच्या पुढचा अर्धा सेकंद ओळखायला शिकणं. त्यासाठी त्याच्याकडे इतकं पाहावं लागतं, की फोटो हे पाहण्याचं निमित्त उरतं.

उजनी उणे, रोहित अधिक

दुपारी एका घरी जेवलो. भाकरी, चिलापीचं कालवण, तळलेले तुकडे. धरणात आता चिलापीच फार, जुने मासे कमी झाले, असं वाढणाऱ्या वहिनी सांगत होत्या. घरातले पुरुष पूर्वी फक्त जाळं टाकायचे. आता हिवाळ्यात जाळं कमी, होडी जास्त. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या लागतात, घरात दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्यात.

भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पुरं झालं. माढा तालुक्यातल्या भिंतीमागचं पाणी इंदापूर, करमाळा, कर्जतपर्यंत पसरलं. गावं उठली, नव्यानं वसली. जुन्या पळसदेवचं देऊळ पाण्यात गेलं. पाणी फार उतरलं, की अजूनही ते शिखरासकट बाहेर येतं आणि लोक चालत दर्शनाला जातात. या जलाशयाची क्षमता ११७ टीएमसी आणि त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. म्हणून पाणी मृतसाठ्यात उतरलं, की इथे 'उजनी उणेमध्ये गेलं' अशी बातमी उन्हाळ्यात छापून येते. शेतकऱ्याच्या छातीत ती धडकी भरवते. उसाला पाणी कुठून आणायचं?

रोहित पक्ष्याला मात्र पाणी उतरायलाच हवं. त्याला पोहण्याचं नाही, चालण्याचं पाणी लागतं. पाऊस भरपूर झाला, जलाशय तुडुंब राहिला, तर गाळाची पठारं उघडी पडत नाहीत, आणि रोहित उशिरा येतात किंवा दुसरीकडे जातात. पाणी मागे सरकू लागलं, की उघड्या जमिनीत माणसं गाळपेर करतात आणि उरलेल्या चिखलात शेकाटे, टिवळे, पाणटिवळे चोची खुपसतात. एकाच पाण्याकडे दोघांची नजर, दोघांच्या मनात उलट प्रार्थना. आमचा नावाडी या दोघांच्या मधोमध. त्याचा भाऊ ऊस लावतो.

शेव

संध्याकाळी काठाजवळ कुरव पक्ष्यांचा गोंगाट होता. एका होडीतलं कुटुंब शेवेची पिशवी फोडून मूठ मूठ हवेत उडवत होतं, आणि पांढरे कुरव हातभर अंतरावर येऊन ती वरच्या वर झेलत होते. फोनवरसुद्धा सुंदर फोटो मिळत होते. लहान मुलगी आनंदानं किंचाळत होती. तिला दोष देण्याचा प्रश्नच नाही.

मी नावाड्याला खिजवलं, "खातायत की. म्हणजे अंतर बरोबर!"

तो हसला. मग म्हणाला, "त्ये आपलं खातायत, ताई. त्यांचं न्हाई."

नियम मला वाटला त्याहून बारीक होता. पक्षी खातोय एवढं पुरत नाही. आपण तिथे नसतो तरी त्यानं हेच, इथेच, असंच खाल्लं असतं का, हे पाहायचं. उन्हाळ्यात रानात पाण्याचं कुंड भरून समोर आडोसा बांधतात आणि आत बसायचे पैसे घेतात, तेव्हाही हाच प्रश्न उभा राहतो. कोरड्या रानात पाणी मिळालं तर पाखराचं भलंच, असं एक म्हणतो. शिक्रा त्याच कुंडावर टपून बसायला शिकतो, असं दुसरा. दोघंही पाहिलेलंच सांगत असतात. काका अशा आडोशात बसतात, पण मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून पक्षी बोलावत नाहीत. विणीच्या दिवसांत आपल्या हद्दीत परका नर गातोय असं वाटून खरा नर दिवसभर भांडायला येतो, पिलांना चारायचं सोडून. "मी हे सुरुवातीला केलंय," ते म्हणाले. "फोटो अजून आहे. लावत नाही."

दोघं आत, एक बाहेर

आडोसा जुनाच. फिल्मच्या काळात लेन्सा तोकड्या होत्या, तेव्हा पक्ष्याजवळ जाऊन लपण्याला पर्याय नव्हता. त्यात एक युक्ती ठरलेली. तंबूत दोघांनी जायचं आणि एकानं ठणठणीत चालत बाहेर पडायचं. पक्ष्याला वाटतं, माणूस गेला. बेरीज-वजाबाकीत त्याला फसवायचं आणि मग तासन् तास खोकला दाबून बसायचं.

दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरहून मुंबईला आलेले लोके वान थो हे सिनेमाच्या धंद्यातले श्रीमंत गृहस्थ. इथे त्यांची सलीम अलींशी मैत्री जुळली आणि पुढे ते आपली अवजड यंत्रं घेऊन त्यांच्याबरोबर हिंडले. त्यांचं 'अ कंपनी ऑफ बर्ड्स' १९५७ साली आलं. इंग्लंडचे एरिक हॉस्किंग तर १९३७ मध्ये रात्री घुबडाजवळच्या आडोशात शिरायला गेले आणि त्या घुबडानं नखांनी त्यांचा एक डोळा नेला. पुढची पन्नास वर्षं एका डोळ्यानं ते पक्षीच टिपत राहिले, आणि आत्मचरित्राला 'ॲन आय फॉर अ बर्ड' असं नाव देऊन त्या घुबडाशी हिशेब मिटवला.

फिल्मच्या रोळात छत्तीस फोटो. आजचा कॅमेरा सेकंदाला वीस काढतो. पक्ष्याचा डोळा स्वतः शोधून त्यावर फोकस धरतो. काहींत तर बटण दाबण्याआधीचा अर्धा सेकंदही जपून ठेवण्याची सोय आहे. खंड्यानं सुळकी मारल्यावर दाबा, सुळकीच्या आधीचं मिळेल. मी काकांना विचारलं, मग त्या पुढच्या अर्ध्या सेकंदाच्या विद्येचं काय? ते थोडा वेळ बोलले नाहीत. "फोटो मिळतो," म्हणाले. "आपल्याला कळलं होतं, हा आनंद मिळत नाही. मी ते बंद ठेवतो. पोरं हसतात."

भरलेली चोच

जुलैत कोकणात गेले. रायगड जिल्ह्यातलं एक गाव. नाव लिहीत नाही, त्याचं कारण लगेच कळेल.

तिबोटी खंड्या चिमणीपेक्षा लहान. पाठ निळी-जांभळी, पोट पिवळं, चोच शेंदरी. लहान मुलानं खडूची अख्खी पेटी वापरावी तसा. खंड्यांना बहुधा चार बोटं असतात, याला तीनच. पाऊस लागला की तो ओढ्याकाठच्या, रस्त्याकडेच्या मातीच्या उभ्या दरडीत बोगदा कोरतो आणि आत पिलं वाढवतो.

दरडीसमोर छत्र्या होत्या. मी अकरा मोजल्या. छत्र्यांखाली तिवया आणि तिवयांवर लेन्सा. खंड्या समोरच्या फांदीवर आला. चोचीत सापसुरळी, तिची शेपटी अजून वळवळत होती. फटफटफट शटरं वाजली. खरोखर देखणं चित्र होतं. पाखरू स्थिर, भक्ष्य चोचीत, मागे ओलं हिरवं रान. तो बसून राहिला. पाच मिनिटं. दहा. "काय पोझ देतोय!" कुणीतरी म्हणालं.

माझ्याशेजारी गावातली एक बाई डोक्यावर इरलं घेऊन उभी होती. ती म्हणाली, "पोज कसली? चोच भरून बसलाय बापडा. आत जायचंय त्याला, तुम्ही वाट अडवलीत."

ते एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना. तो फांदीवरून दरडीकडे झेपावायचा आणि माघारी वळायचा. आत किती पिलं होती कोण जाणे. नावाड्याचा नियम इथे उलटा होऊन समोर बसला होता. पक्ष्याच्या चोचीत खाणं आहे आणि तो ते खातही नाही, भरवतही नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यातल्या 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणंही येतं. बंदूक लागत नाही, छत्रीही पुरते. आपल्या भाषेला हे आधीच ठाऊक असावं. पाखरू दाणा टिपतं, शिकारी पाखरू टिपतो, टीपकागद शाई टिपतो, आणि कॅमेराही टिपतोच. एकाच क्रियापदात भूक आहे, नेम आहे, नोंद आहे. आपण यातलं काय करतोय, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

फोटोबरोबर जागा जाहीर झाली, की पुढच्या रविवारी छत्र्या दुप्पट होतात. म्हणून गावाचं नाव नाही.

खरी नोंद, खोटी नोंद

एवढं पाहून वाटलं, फोटो काढूच नयेत. काकांना तसं म्हणाले. त्यांनी मला शहाद्याचा रानपिंगळा सांगितला.

सातपुड्यातलं हे छोटं घुबड. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना कुणाला मिळाला नव्हता. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं मात्र आपण १९१४ मध्ये गुजरातेत एक मिळवल्याचं लिहून ठेवलं होतं. लोक त्या टिपणावर विसंबून शोधत राहिले आणि काही सापडेना. पुढे उघड झालं, की साहेबांनी संग्रहालयातला जुनाच नमुना पळवून, नव्यानं भरून, खोटी चिठ्ठी लावली होती. पामेला रासमुसेन या संशोधिकेनं ती चिठ्ठी बाजूला ठेवली आणि खऱ्या जुन्या नोंदींचा माग काढत सहकाऱ्यांसह नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळचं रान गाठलं. एका सकाळी तो समोर बसला होता. ११३ वर्षांनी. त्यांनी त्याचं चित्रण केलं, त्याला हातही न लावता. आधीच्या शतकात शोध म्हणजे गोळी घालून आणलेलं कातडं. इथे पुरावा मिळाला आणि घुबड फांदीवरच राहिलं.

पट्टकादंब हिमालय ओलांडून आपल्या तलावांवर उतरतात. मंगोलियात काहींच्या गळ्यात अक्षर-आकड्यांची पट्टी घातलेली असते. दुर्बिणीतून वाचता न येणारा तो आकडा फोटो मोठा केल्यावर दिसतो, आणि कुठल्या तळ्यावरचं पाखरू कुठे आलं ते कळतं. हौशी माणसाचं चुकूनमाकून काढलेलं चित्रही असं कामाला येतं. नोंद म्हणून टिपायचं तर सुबक चित्र लागत नाही आणि जवळ जावं लागत नाही.

अकराशेत एक

घरी परतल्यावर कुंभारगावचे फोटो संगणकावर घेतले होते. अकराशेहून जास्त. निवड हा या छंदातला न बोलला जाणारा भाग. चार रात्री पुसण्यात गेल्या. शेपट्या, पाण्यातली वर्तुळं, रिकामं आकाश. काकांचा निकष सोपा. डोळ्यात उजेडाचा ठिपका हवा, तो नसला तर पक्षी भरलेल्या कातड्यासारखा दिसतो. स्पर्धेतले परीक्षकही आधी डोळाच बघतात.

माझ्या हातून उडालेला तो थवा त्यात होता. होडीत उभी असतानाच कधीतरी बोट दाबलं गेलं होतं. लाल-काळे पंख, सोनेरी पाणी, सरळ मुखपृष्ठावर जाईल असा. मी तो पुसला नाही, ठेवलाय, काकांच्या त्या फोटोसारखा. लावत नाही.

अंकासाठी संपादकांना दुसरा पाठवला. होडी गाळात बांधल्यासारखी उभी असताना काढलेला. पुढे चार-पाच रोहित. लांब पाय, गुलाबी अंग, पाण्यात गेलेल्या माना. एकाचंही डोकं दिसत नाही. डोळा नाही, चेहरा नाही, उजेडाचा ठिपका नाही.

संपादकांचा लगेच फोन. "अहो, तोंड दिसणारा नाही का एखादा?"

"नाही," मी म्हणाले. "जेवत होते."